पिंजऱ्यात आलेले आणि न आलेले

२०२५च्या मार्चमध्ये वाशिमहून मामाचा फोन आला. अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा सँटा फेच्या घरी हंताविषाणूच्या आजाराने गेल्या, ही बातमी तिकडच्या पेपरातही आली होती. आपली भाची त्याच न्यू मेक्सिकोत रानातले उंदीर धरते, हे मामाला ठाऊक. त्याने एकदम विचारलं, "बाई, तू जे उंदरं धरतं, त्यातल्या कितीकाले हा रोग राह्यते?"

मी म्हटलं, "मामा, ते हंगामावर असतं. उन्हाळ्याच्या तोंडी धरले तर कधी शंभरात तीस, पावसानंतर धरले तर कधी पंधरा."

"मंग पंधरावर आलं म्हणजे कमीच झालं न?"

मला त्या वेळी पटकन उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर लांबलचक आहे आणि आंतरराष्ट्रीय कॉलवर मामा घाईत असतो. पण हाच प्रश्न आरोग्य खात्यातली माणसं विचारतात, पत्रकार विचारतात, शेजारीपाजारी विचारतात. म्हणून आज सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे: पिंजरा लावून आपण रानातल्या विषाणूवर लक्ष ठेवतो, तेव्हा पिंजऱ्यात कोण येतं आणि कोण येत नाही, यावर त्या विषाणूचाही प्रभाव असतो. हे ध्यानात न घेता काढलेली टक्केवारी माणसाला खोटा धीर देते किंवा खोटी भीती घालते, आणि दोन्हींची किंमत माणसंच मोजतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९३च्या मे महिन्यात अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एका बिंदूला मिळतात त्या 'फोर कॉर्नर्स' भागात, धडधाकट तरुण माणसं अचानक दगावू लागली. दोन-चार दिवस ताप, अंगदुखी, आणि मग काही तासांत फुप्फुसं पाण्याने भरायची. सुरुवातीच्या रुग्णांत नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी समाजातला एक तरुण धावपटू होता आणि काहीच दिवस आधी त्याची वाग्दत्त वधूही गेली होती. वृत्तपत्रांनी या आजाराला त्या समाजाचंच नाव चिकटवलं. त्याचा त्रास त्या लोकांनी कितीतरी काळ सोसला. मला त्या काळातली कात्रणं वाचताना अजून संताप येतो.

काही आठवड्यांतच सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, प्रयोगशाळेने रुग्णांच्या रक्तात हंताविषाणूच्या खुणा ओळखल्या. हंताविषाणू म्हणजे उंदरांकडे बोट दाखवायला हवं, हे कोरियातल्या संशोधनामुळे माहीत होतं. लगेच घरांभोवती, कोठारांभोवती, माळावर पिंजरे लागले. त्या उन्हाळ्यात सतराशेच्या आसपास लहान सस्तन प्राणी धरले गेले. त्यांत सर्वांत जास्त निघाला डिअर माउस, मोठ्या काळ्या डोळ्यांचा, पांढऱ्या पोटाचा, पंधरा-पंचवीस ग्रॅमचा देखणा उंदीर. आणि त्यांतल्या साधारण तीस टक्के उंदरांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली. पुढे या विषाणूला 'सिन नोम्ब्रे' हे नाव मिळालं. १९९३ ते २०२२ या काळात अमेरिकेत हंताविषाणूच्या ८६४ रुग्णांची नोंद झाली. हा आकडा लहान आहे, पण फुप्फुसाचा आजार झालेल्यांत साधारण दहातले चार जण मरतात. लस नाही, खात्रीचं औषध नाही. त्यामुळे रानातल्या उंदरावर लक्ष ठेवणं हाच आधीपासून सावध होण्याचा एक मार्ग उरतो.

नवाहो वडीलधाऱ्यांनी मात्र तेव्हाच डॉक्टरांना सांगितलं होतं की, ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ आणि वसंतात पाऊस भरपूर होतो, पिन्यॉन या बुटक्या पाइनच्या बिया उदंड येतात, त्या वर्षी उंदीर वाढतात आणि माणसं आजारी पडतात. १९१८ आणि १९३३ची वर्षंही त्यांच्या आठवणीत तशीच होती. १९९१-९२मध्ये एल निन्यो होऊन गेला होता आणि १९९३च्या आधीच्या काळात पाऊसपाणी नेहमीपेक्षा खूपच झालं होतं. न्यू मेक्सिकोतल्या सेव्हियेटा अभयारण्यात रॉबर्ट पार्मेंटर आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कारणासाठी वर्षानुवर्षं उंदीर मोजत होते. त्यांच्या नोंदींतही त्या काळात उंदीर कित्येक पटींनी वाढलेले दिसले. वडीलधाऱ्यांची आठवण आणि वहीतली नोंद एकमेकींशी जुळली.

आता पिंजऱ्याविषयी. आमच्याकडे वापरतात तो शर्मन ट्रॅप: ॲल्युमिनियमच्या पत्र्याची लांबट डबी, घडी घालता येणारी. आत पीनट बटर आणि ओट्सचा गोळा, थंडीच्या दिवसांत उंदराला ऊब मिळावी म्हणून पॉलिस्टरचा कापूस. उंदीर आतल्या पट्टीवर चढला की दार मिटतं. एका डबीत एकच उंदीर. उत्तरेकडच्या मोंटाना राज्यात हेक्टरभर जागेत दहा-दहा मीटरवर शंभर डब्यांची चौकट मांडतात आणि महिन्याला लागोपाठ तीन रात्री पिंजरे लावतात. न्यू मेक्सिकोत काही ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारखी मांडणी असते, मध्यातून निघणाऱ्या बारा ओळी, प्रत्येक ओळीत बारा डब्या आणि केंद्रात आणखी चार, अशा १४८. आमची जागा अल्बुकर्कीच्या उत्तरेला, पिन्यॉन आणि ज्युनिपरच्या बुटक्या झाडांच्या टेकड्यांत. आम्ही चौकटच मांडतो.

दिवस मावळताना पिंजरे लावायचे, झुंजुमुंजू होताना बघायचे. दार मिटलेलं असेल ती डबी उचलून पिशवीत घालायची आणि एका ठरलेल्या जागी आणायची, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. दुहेरी हातमोजे, झगा, तोंडावर गाळणीचा श्वसनमुखवटा. उंदीर प्लास्टिकच्या पिशवीत झटकायचा, वजन घ्यायचं, नर की मादी बघायचं, मादी गाभण आहे का, दूध पाजते आहे का बघायचं, कानावर आणि शेपटीवर चावल्याच्या खुणा मोजायच्या. कानात आकडा कोरलेला बारीक टॅग. भूल देऊन डोळ्याच्या कोपऱ्यातून थेंबभर रक्त. मग शुद्धीवर आला की जिथे धरला होता तिथेच नेऊन सोडायचा. शेवटी प्रत्येक डबी जंतुनाशकाने धुवायची. हात गारठतात, मुखवट्यात स्वतःच्याच श्वासाची वाफ साचते. मला हे काम मनापासून आवडतं. आदल्या महिन्याचा टॅगवाला उंदीर पुन्हा हातात आला, वजन दोन ग्रॅमने वाढलेलं दिसलं, की वहीत त्याच्या आकड्यापुढे दुसरी ओळ लिहिताना फार बरं वाटतं.

आता मामाचं गणित. समजा, जूनमध्ये एका जागेवर वीस उंदीर आहेत आणि त्यांतल्या सहांना संसर्ग आहे. म्हणजे तीस टक्के. पावसानंतर चारा झाला, बिया झाल्या, पिल्लावळ वाढली आणि सप्टेंबरात तिथेच साठ उंदीर झाले. त्यांत नऊ संसर्गित. टक्केवारी पंधरा. कागदावर रोग निम्मा झाला. पण रानात विषाणू वाहणारे उंदीर सहाचे नऊ झाले, आणि तुमच्या कोठाराच्या फटीतून एखादा तरी विषाणूवाला उंदीर शिरण्याची शक्यता वाढली. पिल्लं जन्मतः संसर्ग घेऊन येत नाहीत. आईकडून विषाणू पोटात मिळत नाही, तो पुढे चावाचावीतून आणि जवळच्या संपर्कातून मिळतो. त्यामुळे पिल्लांच्या लोंढ्यात टक्केवारी पातळ होते. आणि हीच पिल्लं मोठी होऊन भांडू लागली, हिवाळ्यात दाटीवाटीने राहू लागली, की पुढच्या वसंतात टक्केवारी चढते. तेव्हा उंदरांची संख्या कदाचित उतरलेलीही असते. मोंटानातल्या दीर्घ अभ्यासात हे स्पष्ट दिसलं आहे: आजच्या संसर्गाचा संबंध आजच्या संख्येपेक्षा काही महिन्यांपूर्वीच्या संख्येशी जास्त जुळतो. म्हणून एका महिन्याची टक्केवारी एकटीच वाचली तर ती उलट दिशेला नेते.

हे झालं सगळे उंदीर मोजता आले असं धरून. तसे ते मोजता येत नाहीत.

डिअर माउसमध्ये संसर्ग सर्वांत जास्त कुणाला? मोठ्या, वजनदार नरांना. वीण सुरू झाली की नर हद्दीसाठी आणि मादीसाठी भांडतात, चावतात, आणि लाळेतून विषाणू रक्तात जातो. ज्यांच्या अंगावर जखमांचे व्रण जास्त, त्यांच्यात प्रतिपिंडंही जास्त. आता हाच नर रात्री सर्वांत लांबवर फिरतो, म्हणून त्याच्या वाटेत माझ्या डब्या जास्त येतात. तोच धीट असतो, नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो. म्हणजे ज्या स्वभावाने त्याला विषाणू मिळवून दिला, तोच स्वभाव त्याला पिंजऱ्यात आणतो. पिल्लाला सांभाळणारी मादी बिळाजवळच राहते, नुकतं बाहेर पडलेलं पोर बिचकतं. जत्रेत भेटलेल्या माणसांवरून गावाची तब्येत सांगायला बसलं तर जसं होईल, तसंच हे. जत्रेला चालते-फिरते येतात, बाळंतीण आणि म्हातारी घरीच असतात.

युटातल्या संशोधकांनी उंदरांच्या कातडीखाली सूक्ष्म चिप बसवून आणि अंगाला चमकणारी पूड लावून कोण कुणाला किती भेटतं हे मोजलं. साधारण वीस टक्के उंदरांच्या वाट्याला ऐंशी टक्के भेटी होत्या, आणि हे भेटणारे उंदीर वजनाने भारी होते. माझ्या स्वतःच्या वहीतही हे जाणवतं. फाटक्या कानांचे काही जुने नर असे आहेत की त्यांचे टॅगचे आकडे मला तोंडपाठ झालेत, इतक्या वेळा ते येतात. पीनट बटरची चटक लागलेले. एकदा धरलं की पुन्हा पुन्हा येणारे आणि एकदा धरलं की पुन्हा फिरकायचंच नाही असं ठरवणारे, दोन्ही प्रकार असतात. एकाच रात्रीच्या नोंदीवरून टक्केवारी काढली तर चटकवाल्यांचं पारडं जड होतं. उपाय आहे: प्रत्येक उंदराची ओळख ठेवायची, तीन रात्रींत कोण कितीदा आला हे बघायचं, आणि त्यावरून नर-मादी, लहान-मोठे अशा प्रत्येक गटाची पिंजऱ्यात येण्याची शक्यता वेगवेगळी मांडायची. मग न आलेल्यांचा अंदाज निघतो. हे गणित करणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि त्यासाठी टॅग लागतो. टॅगशिवाय नुसते आकडे मोजून हे जमत नाही.

शिवाय डब्यांची संख्या ठरलेली. उंदीर थोडे असतात तेव्हा शंभर डब्या पुरून उरतात. उदंड वर्षी मध्यरात्रीपर्यंतच बऱ्याचशा डब्यांची दारं मिटलेली असतात, आणि नंतर आलेल्याला रिकामी डबी मिळत नाही. वाऱ्याने, गुराच्या पायाने, मुंग्यांनी आमिष नेल्याने निकामी झालेल्या डब्या वेगळ्याच. त्यामुळे खरी संख्या तिप्पट झाली तरी पिंजऱ्यातली दुप्पटच दिसते. आधी पोचणारे पुन्हा तेच, धीट आणि भारी. धोका ज्या वर्षी सर्वांत जास्त, नेमकी त्याच वर्षी आमची फुटपट्टी आखूड पडते. म्हणून अहवालात 'किती उंदीर मिळाले' यासोबत किती डब्या, किती रात्री, त्यांतल्या किती निकामी, हे आलंच पाहिजे असा माझा आग्रह असतो.

आता या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. विषाणू उंदराला काही करतो का? बरीच वर्षं समज असा होता की सिन नोम्ब्रे आणि डिअर माउस यांचं जुनं सख्य आहे. उंदीर आयुष्यभर विषाणू बाळगतो, लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून टाकत राहतो आणि स्वतः ठणठणीत असतो. मोंटानात १९९४पासून महिन्यामागून महिना चाललेल्या पिंजऱ्यांच्या नोंदींमधून मात्र निराळं चित्र निघालं. अँजेला लुईस, रिचर्ड डग्लस, जेम्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवून दिलं की संसर्ग झालेल्या नरांचं जगण्याचं प्रमाण संसर्ग नसलेल्या नरांपेक्षा कमी असतं. माद्यांत तसा फरक आढळला नाही. तिकडे युरोपात बँक व्होल हा उंदरासारखा प्राणी आणि त्याच्यातला पुमाला हंताविषाणू यांच्या बाबतीतही संसर्गित प्राणी हिवाळा निभावून नेण्यात कमी पडतात, असं फिनलंडमधल्या अभ्यासात आढळलं होतं.

याचा पिंजऱ्याशी संबंध काय? फार मोठा. समजा, मेमध्ये दहा संसर्गित नर मिळाले आणि जूनमध्ये त्यांतले सहाच मिळाले. बाकीचे चार मेले का? दुसरीकडे निघून गेले का? की आहेत, पण हालचाल मंदावल्याने डबीपर्यंत आलेच नाहीत? पिंजरा या तिघांत फरक करू शकत नाही. तिन्ही वेळा वहीत एकच नोंद होते: 'नाही'. आणि टक्केवारी मात्र उतरते. एखादा अधिकारी म्हणेल, बघा, साथ ओसरली. खरं तर विषाणूने आपलेच वाहक कमी केलेले असू शकतात, आणि मरण्यापूर्वी त्यांनी तो पुढे दिलेलाही असू शकतो. ही गुंतागुंत सोडवायला बरेच महिने, बरेच टॅग आणि आसपासच्या दुसऱ्या चौकटीही लागतात. निघून गेलेला उंदीर कधीतरी शेजारच्या चौकटीत सापडतो, मेलेला सापडत नाही.

याहून अवघड प्रश्न म्हणजे आपलं काम करणंच उंदराला बाधतं का. मी त्याला भूल देते, रक्त घेते. तो पुढच्या महिन्यात आला नाही तर तो विषाणूमुळे की माझ्यामुळे? हा प्रश्न पार्मेंटर, टेरी येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार प्रामाणिकपणे तपासला. १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं न्यू मेक्सिकोत काही जागांवर प्राण्यांना फक्त मोजून, टॅग लावून सोडलं, आणि काही जागांवर भूल देऊन रक्त आणि लाळही घेतली. दीड हजारांवर प्राण्यांची तुलना झाली. डिअर माउस आणि त्याच्या भाऊबंदांच्या परत येण्यात आणि मरण्यात ठळक फरक पडला नाही. पण कांगारू रॅट हाताळणीनंतर पिंजऱ्याकडे कमी फिरकू लागले, आणि हार्वेस्ट माउस, पॉकेट माउस अशा काही नाजूक जातींत मृत्यू वाढले. म्हणजे एकच पद्धत एका जातीच्या बाबतीत विश्वासाची आणि दुसऱ्या जातीच्या बाबतीत दिशाभूल करणारी. तो निबंध वाचल्यापासून मी लहान जातींचं रक्त घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारते की हे खरंच लागणार आहे का. त्या जिवांना विनाकारण त्रास देण्याचा आपल्याला हक्क नाही, आणि त्रास दिला तर आकडाही बिघडतो.

रक्ताच्या तपासणीबद्दल थोडक्यात. प्रतिपिंड सापडलं म्हणजे संसर्ग, हे डिअर माउसच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं, कारण विषाणू त्याच्या अंगातून जात नाही. पण संसर्गित आईच्या पिल्लात काही आठवडे आईचीच प्रतिपिंडं असतात, आणि ते पिल्लू निरोगी असूनही तपासणीत होकारार्थी येतं. उलट नुकताच संसर्ग झालेल्या उंदराच्या रक्तात अजून प्रतिपिंडं तयार नसतात, म्हणून तो सुटतो. मोंटानातल्या पद्धतीप्रमाणे १४ ग्रॅमच्या खालचा डिअर माउस पिल्लू धरला जातो. वजनकाटा त्यामुळे रक्ताच्या नळीइतकाच मोलाचा.

आपल्याकडे या विषयाला मोठा वारसा आहे आणि तो आपण विसरत चाललोय याचं मला वाईट वाटतं. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत भारतीय प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी शहरभरातून येणारे उंदीर तपासले. त्यांना एक क्रम सापडला. आधी गटारांतल्या मोठ्या उंदरांत मरतूक, मग काही दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर माणसांत. प्लेग जिवाणूचा रोग आहे, विषाणूचा नाही, पण उंदरावर लक्ष ठेवून माणसाला आधी सावध करता येतं हा धडा जगाने बऱ्याच अंशी मुंबईकडून घेतला. दोन जातींचे उंदीर वेगवेगळे मोजले म्हणून तो क्रम दिसला. 'उंदीर' असा एकच रकाना करून सगळे एकत्र टाकले असते तर तो दिसलाच नसता.

आजही मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्यांत उतरतात. त्यांच्या कामाविषयी मला अतिशय आदर आहे. माझ्याकडे मुखवटा आणि झगा असतो, त्यांच्याकडे बहुधा तेही नसतं. पण त्यांना एका रात्रीत तीस उंदरांचं लक्ष्य ठरवून दिलेलं असतं. आकडा ठरवूनच दिला की शहरात उंदीर वाढले की घटले हे त्या आकड्यावरून कळणार कसं? तीस उंदीर मिळायला किती तास लागले, हे लिहून घेतलं तर त्याच मेहनतीतून फार मोलाची माहिती मिळेल. खर्च एका रकान्याचा.

आणखी एक. कोरियातल्या हंतान नदीच्या परिसरातल्या उंदरांत १९७६मध्ये जो विषाणू ओळखला गेला, त्यावरून या सगळ्या कुळाला नाव मिळालं. पण त्याच कुळातला एक विषाणू १९६४मध्येच वेल्लोरजवळ एका चिचुंद्रीतून वेगळा काढलेला होता. तो हंताविषाणू आहे हे मागाहून कळलं. चिचुंद्री तर उंदीरही नव्हे, कुळच वेगळं. पण उंदरासाठी लावलेल्या पिंजऱ्यात चिचुंद्री हमखास येते, आणि नको असलेली म्हणून बहुतेकदा फेकून दिली जाते. कुणीतरी ती फेकली नाही, नोंद केली, नमुना जपून ठेवला. आपल्याकडे माकडतापाचं उदाहरणही जवळचं आहे. २०१६मध्ये सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या काजूबागांमधून तो पसरला. माकडं मरून पडली की लोकांना दिसतात. पण त्या विषाणूच्या रानातल्या फेऱ्यात गोचिडांबरोबर लहान उंदीर आणि चिचुंद्र्याही असतात, आणि त्या मेल्या तरी पाचोळ्यात कुणाला दिसत नाहीत. तिथे पिंजरे लावायचे तर वर लिहिलेले सगळे प्रश्न जसेच्या तसे उभे राहतात.

मला सर्वांत जास्त कशासाठी भांडावंसं वाटतं, तर ते कोरड्या, शांत वर्षांतल्या पिंजऱ्यांसाठी. दुष्काळात शंभर डब्यांत चार उंदीर मिळतात. तपासले तर एकही संसर्गित नाही. पैसे देणारी माणसं विचारतात की काहीच सापडत नाही तर जायचं कशाला. मला हा प्रश्न बैठकींत वारंवार ऐकावा लागतो. उत्तर अल्बुकर्कीतच आहे. इथल्या म्युझियम ऑफ साउथवेस्टर्न बायॉलॉजीत येट्स आणि त्यांच्या आधीच्या लोकांनी साधेसुधे उंदीर धरून त्यांचे ऊतींचे नमुने गोठवून ठेवले होते, कुठल्याही साथीचा विचार न करता. १९९३मध्ये तेच नमुने तपासले आणि विषाणू आधीपासून इथल्या उंदरांत होता हे सिद्ध झालं. तो कुठल्या प्रयोगशाळेतून सुटलेला नव्हता, कुणा समाजाने आणलेलाही नव्हता. ज्या लोकांच्या माथी आजार मारला जात होता, त्यांच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा दुसरा नव्हता. शांत वर्षांत कुणीतरी पहाटे उठून पिंजरे बघितले होते म्हणून तो मिळाला.

त्यामुळे कुठलाही अहवाल हातात आला तर मी आधी टक्केवारी झाकते. किती डब्या, किती रात्री, किती नर, किती माद्या, किती पिल्लं, कोणत्या महिन्यात, त्याच जागेवर गेल्या वर्षी काय होतं, हे बघते. हे दिलेलं नसेल तर टक्केवारीवर मत देत नाही. आणि दिलेलं असेल तर टक्केवारीऐवजी हेक्टरमागे संसर्गित उंदीर किती, हा अंदाज काढते. माणसाच्या धोक्याशी त्याचाच संबंध जास्त.

या भागात राहणारी बरीच मराठी कुटुंबं मला निरोप पाठवून विचारतात, म्हणून कामाचं तेवढं सांगते. उन्हाळ्यात डोंगरातली केबिन उघडताना, बंद पडलेलं कोठार किंवा गॅरेज साफ करताना आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका, व्हॅक्युमही लावू नका. आपल्याला झाडूची सवय फार, पण कोरडी धूळ उडाली की विषाणू श्वासात जातो. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून बंद पिशवीत टाका. भिंतीत पेन्सिल जाईल एवढी जरी फट असेल तर स्टील वुल भरून बुजवा. २०१२मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दहा जणांना हा आजार झाला आणि तिघे गेले. त्यांतले बहुतेक जण तिथल्या करी व्हिलेजमधल्या दुहेरी भिंतींच्या तंबूंत राहिलेले होते, आणि त्या दोन भिंतींमधल्या पोकळीत उंदरांनी घरटी केली होती. अशा साफसफाईनंतर आठ आठवड्यांच्या आत ताप आणि मांड्या-पाठीत जबर दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना उंदरांचा संबंध आला होता हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.